लाल उजेड सायनसपर्यंत पोचतो का?

रात्री लाइट गेली की मोबाईलचा टॉर्च लावून त्यावर बोट दाबून धरायचं, हा खेळ बहुतेक घरांतल्या मुलांनी केलेला असतो. बोटाचं टोक आतून लालभडक उजळतं. टॉर्चचा उजेड पांढरा, म्हणजे त्यात सगळे रंग आलेच. मग पलीकडे एकटा लालच का निघतो? याचं उत्तर रक्तात आहे. रक्तातलं हिमोग्लोबिन निळा आणि हिरवा प्रकाश चटकन शोषून घेतं, लाल मात्र त्याच्या तावडीतून बराचसा सुटतो. नीट पाहिलं तर आणखी एक गंमत लक्षात येते. बोट एवढं उजळूनही आतल्या हाडाची सावली काही दिसत नाही. आत शिरलेला प्रकाश सरळ जातच नाही, ठिकठिकाणी आपटून सगळीकडे पसरतो.

लाल प्रकाश शरीरात शिरतो, एवढ्या एका गोष्टीवर सध्या मोठा बाजार उभा राहिला आहे. चेहऱ्यासमोर धरायची लाल एलईडींची पॅनेल, तोंडावर चढवायचे मास्क, नाकपुडीत अडकवायच्या छोट्या क्लिपा ऑनलाइन सर्रास मिळतात. सुरकुत्या, केसगळती आणि गुडघेदुखीच्या जोडीला सायनसच्या त्रासावरही त्या सुचवल्या जातात. पावसाळा लागला की ज्यांचं नाक चोंदतं, खाली वाकलं की गाल आणि कपाळ ठणकतं, सकाळी उठल्या उठल्या घशात कफ उतरलेला असतो, त्यांना याचा मोह पडणारच. पोटात काही घ्यायचं नाही, दुखत नाही, घरबसल्या दहा मिनिटांत काम होतं.

या उपायाची पारख करायची तर तीन प्रश्न विचारावे लागतात. सायनस नेमकं कशाने दुखतं? लाल प्रकाश पेशींवर खरंच काही परिणाम करतो का? आणि करत असेल, तर घरातल्या उपकरणातून तो हव्या त्या जागी, हवा तेवढा पोचतो का?

तोटी गळ्याशी असलेला माठ

सायनस म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांमधल्या, हवेने भरलेल्या पोकळ्या. त्यांच्या चार जोड्या असतात. गालाच्या हाडातली सगळ्यात मोठी. मोठ्या माणसात तिच्यात साधारण १५ मिलिलिटर, म्हणजे तीन छोटे चमचे पाणी मावेल. दुसरी भुवयांच्या वर कपाळात, तिसरी दोन डोळ्यांच्या मधे बारक्या बारक्या कप्प्यांची, आणि चौथी नाकाच्या पार मागे, कवटीच्या मध्यभागी.

या सगळ्या पोकळ्यांना नाकाला असतं तसंच ओलसर अस्तर असतं. त्यातून पातळ, चिकट द्रव पाझरतो. श्वासातली धूळ आणि जंतू त्याला चिकटतात. अस्तरावरचे सूक्ष्म केस सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलत हा द्रव एका ठरलेल्या दिशेने ढकलत राहतात. तो पोकळीच्या छिद्रातून नाकात येतो, तिथून घशात उतरतो आणि आपण तो नकळत गिळून टाकतो. निरोगी माणसात हे काम दिवसरात्र चालू असतं आणि त्याचा पत्ताही लागत नाही.

गोम आहे ती गालातल्या पोकळीच्या छिद्रात. ते तळाशी नाही, वरच्या बाजूला आहे. एखाद्या माठाला तोटी तळाशी बसवण्याऐवजी गळ्याशी बसवली, तर पाणी आपोआप बाहेर पडणार नाही. कुणाला तरी ते वर चढवावं लागेल. आपल्या गालात हे काम त्या सूक्ष्म केसांचं. तोटीचं भोकही जेमतेम काही मिलिमीटरचं. सर्दीने किंवा अ‍ॅलर्जीने भोवतालचं अस्तर सुजलं की तोटी बुजते. द्रव आत साचतो, हवा खेळत नाही, केसांची हालचाल मंदावते, आणि साचलेल्या द्रवात कधी कधी जीवाणूंचं फावतं. गाल जड होतो, वाकलं की ठणकतो.

तोटी उघडी असण्याला किती महत्त्व आहे, हे स्वीडनमधल्या एका प्रयोगाने छान दाखवलं. सायनसच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू भरपूर तयार होतो. २००२ साली कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या संशोधकांना दिसलं, की माणसाने तोंड मिटून गुणगुणत श्वास सोडला, तर नाकातून बाहेर येणारा हा वायू शांत उच्छ्वासाच्या तुलनेत १५ पट वाढतो. गुणगुणण्याच्या कंपनांनी सायनसमधली हवा झपाट्याने नाकात येते. ज्यांच्या नाकात पॉलिप, म्हणजे अस्तराचे मऊ फुगवटे वाढून सायनसची तोंडं बंद झाली होती, त्यांच्यात ही वाढ दिसली नाही. भ्रामरी करणाऱ्यांनी यावरून ‘गुणगुणल्याने सायनस बरा होतो’ असा निष्कर्ष काढू नये. प्रयोग सांगतो ते एवढंच, की तोटी बंद असेल तर आतबाहेर काहीच होत नाही.

म्हणून सायनसच्या कोणत्याही उपायाला पहिला प्रश्न हाच: याने तोटीच्या तोंडाची सूज उतरते का?

उजेड पेशीत काय करतो

१९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी पहिला लेझर तयार केला. त्याचा किरण लाल होता. पुढे १९६७ च्या सुमारास बुडापेस्टमधले डॉक्टर एंड्रे मेस्टर, लेझरने कॅन्सर होतो का, हे तपासत होते. उंदरांच्या पाठीवरचे केस भादरून त्यांनी काहींवर मंद लाल लेझर सोडला. कॅन्सर झाला नाही, पण त्या उंदरांचे केस बाकीच्यांपेक्षा लवकर उगवले. मंद लाल प्रकाशाने पेशींच्या कामात काहीतरी बदल होतो, या समजुतीची सुरुवात इथून झाली. लेझर महाग आणि जपून हाताळायची वस्तू. १९९० च्या दशकात अवकाशात रोपं वाढवण्यासाठी ‘नासा’च्या मदतीने लाल एलईडींवर काम झालं, तेच दिवे जखमा भरण्यासाठी तपासले जाऊ लागले, आणि हा उपचार घरगुती उपकरणात येण्याचा रस्ता खुला झाला.

आत काय घडतं, याची सर्वाधिक मानली जाणारी मांडणी अशी. पेशीतल्या मायटोकाँड्रियात ऊर्जा तयार होते. या कामातलं एक महत्त्वाचं प्रथिन म्हणजे सायटोक्रोम सी ऑक्सिडेझ. ते लाल आणि त्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश शोषतं. थकलेल्या किंवा सुजलेल्या पेशीत या प्रथिनाला नायट्रिक ऑक्साइड चिकटून बसतो आणि काम अडवतो. प्रकाशाने तो सुटतो, ऊर्जा पुन्हा तयार होऊ लागते, आणि त्यापाठोपाठ सूज वाढवणारी काही रसायनं कमी होतात. उपकरणांवर ६३० ते ६६० आणि ८१० ते ८५० नॅनोमीटर असे आकडे छापलेले असतात, ते याच दोन प्रकारच्या प्रकाशाचे; पहिला डोळ्यांना लाल दिसतो, दुसरा जवळजवळ दिसतच नाही.

यात मात्रेचा एक विचित्र नियम आहे. प्रकाश फार कमी पडला तर काहीच होत नाही, बेताचा पडला तर पेशी चेततात, आणि फार जास्त पडला तर परिणाम नाहीसा होतो किंवा उलटतो. ‘दहा मिनिटांनी थोडं बरं वाटलं, मग अर्धा तास बसू’ हा हिशेब इथे चालत नाही.

हा उपचार निव्वळ जाहिरातीतला आहे असंही नाही. कॅन्सरच्या काही रुग्णांना रेडिएशनमुळे किंवा अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या वेळी तोंडात असह्य फोड येतात. ते येऊ नयेत म्हणून मंद लेझर वापरावा, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय वैद्यकीय मार्गदर्शिकांमध्ये आहे. तिथे प्रशिक्षित माणूस मोजून मापून प्रकाश देतो, आणि तोंडाचं अस्तर प्रकाशासमोर उघडं असतं. सायनसचं अस्तर हाडाच्या आड आहे.

गालातून आत, पण किती?

गालाच्या हाडातून प्रकाश आरपार जातो, हे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना शंभराहून अधिक वर्षं माहीत आहे. एक्स-रे आणि सीटी स्कॅन सहज मिळत नव्हते, तेव्हा ते रुग्णाला अंधाऱ्या खोलीत बसवत, तोंडात छोटा दिवा धरून ओठ मिटायला सांगत आणि चेहऱ्याकडे पाहत. सायनस मोकळा असेल तर डोळ्याखाली लालसर चंद्रकोर उजळायची. एका बाजूला पू साचला असेल तर ती बाजू काळोखी राहायची.

मग लाल पॅनेलचा प्रकाश आत पोचतो, असं म्हणायला हरकत नाही ना? पोचतो, पण अंधारात डोळ्यांना दिसण्यापुरता प्रकाश आणि पेशींवर परिणाम करण्याइतका प्रकाश यांत फार मोठं अंतर आहे. आपला डोळा अंधारात अत्यंत मंद उजेडही टिपतो. त्वचा, चरबी, स्नायू आणि मग हाड ओलांडताना दर काही मिलिमीटरला प्रकाशाचा मोठा हिस्सा गळत जातो. इन्फ्रारेड लालपेक्षा थोडा खोल जातो, पण गळती त्यालाही चुकत नाही. त्यातही सायनस द्रवाने भरलेला असला की आणखी कमी. ती काळोखी बाजू आठवा. ज्याला सगळ्यात जास्त गरज, त्याच्याच गालात सगळ्यात कमी प्रकाश शिरतो.

कपाळातल्या पोकळीवर मांस कमी, पण हाड जाड. डोळ्यांच्या मधल्या कप्प्यांपर्यंत पोचायचं तर प्रकाश डोळ्यांलगत सोडावा लागेल. कवटीच्या मध्यातली पोकळी तर चेहऱ्यावरच्या मास्कच्या आवाक्याबाहेरच आहे. आणि ज्या तोटीच्या तोंडाशी खरी अडचण असते, ती गालाच्या आतल्या भिंतीवर, नाकाच्या बाजूला उघडते. त्या दृष्टीने पाहिलं तर नाकपुडीत घालायच्या क्लिपचं तर्कशास्त्र पॅनेलपेक्षा बरं. पण तिचा प्रकाशही मुख्यतः नाकाच्या पुढच्या भागात पडतो.

चाचण्या काय सांगतात

१९९७ साली इस्रायलमध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली. बारमाही अ‍ॅलर्जीची सर्दी असलेल्या ५० जणांना आणि नाकात पॉलिप असलेल्या १० जणांना तिच्यात घेतलं होतं. काहींना ६६० नॅनोमीटरचा लाल प्रकाश नाकात दिवसातून तीनदा, १४ दिवस देण्यात आला. बाकीच्यांना तसंच दिसणारं, पण उपचार न करणारं उपकरण. अ‍ॅलर्जीच्या रुग्णांत खऱ्या उपकरणाने ७२ टक्के लोकांना बरं वाटलं, खोट्याने २४ टक्के. पॉलिप असलेल्यांना काहीच फरक पडला नाही.

या आकड्यांत दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. फायदा दिसला तो नाकाच्या अस्तराच्या अ‍ॅलर्जीवर, म्हणजे जिथे प्रकाश थेट पडत होता तिथे. आणि खोट्या उपकरणानेही जवळपास चौथ्या हिश्शाच्या लोकांना बरं वाटलं. ‘मला तर गुण आला’ हे सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो, पण त्या गुणाचं श्रेय उपकरणाचंच, हे त्यातून सिद्ध होत नाही.

थेट जुनाट सायनसच्या सुजेवर २०१३ साली इराणमधून एक प्राथमिक अभ्यास आला. १५ रुग्णांच्या सायनसवर बाहेरून इन्फ्रारेड लेझर दहा बैठकांत देण्यात आला आणि त्यांच्या तक्रारी कमी झाल्या. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. हंगेरीतल्या सेगेडमध्ये २००५ च्या सुमारास नाकात प्रकाश देण्याची जी पद्धत विकसित झाली, ती तर वेगळीच. तिच्यात दृश्य प्रकाशाबरोबर अतिनील किरण असतात आणि ती दवाखान्यातच वापरायची असते. ‘प्रकाशाने नाकाची अ‍ॅलर्जी कमी होते’ असं वाक्य कुठे दिसलं, तर कोणत्या प्रकाशाने, हे आधी विचारावं.

गुण आल्यासारखं वाटण्याची आणखी दोन कारणं आहेत. साधी सर्दी बहुतेकांची आठ-दहा दिवसांत आपली आपण ओसरते. पाचव्या दिवशी पॅनेल आणलं तर श्रेय पॅनेललाच मिळणार. दुसरं कारण म्हणजे ज्याला आपण सायनसची डोकेदुखी समजतो, ती अनेकदा सायनसची नसतेच. २००४ साली अमेरिकेत असं दुखणं सांगणाऱ्या जवळपास ३,००० लोकांना तपासलं, तेव्हा ८८ टक्के लोकांची लक्षणं मायग्रेनच्या प्रकारात बसली. मायग्रेनमध्येही गाल ठणकतो, नाक वाहतं. तो काही तासांनी किंवा दोन-तीन दिवसांनी आपोआप थांबतो, आणि तोवर जो उपाय चालू असेल तो रामबाण ठरतो.

शेकायचा दिवा वेगळा

कित्येक घरांत पाठ, मान शेकायचा लाल काचेचा मोठा बल्ब असतो. तो आणि लाल एलईडीचं पॅनेल एकच समजण्याची गल्लत सर्रास होते. बल्बचं काम उष्णता देणं. त्याने त्वचेतलं रक्ताभिसरण वाढतं, स्नायू सैलावतात, ठणका तात्पुरता कमी वाटतो. एलईडी पॅनेल त्या मानाने गार असतं आणि त्याचा दावा ऊबेचा नसून पेशींमधल्या बदलाचा आहे. शेकून बरं वाटलं तर ते ऊबेमुळे. त्यासाठी गरम पाण्यात पिळलेला टॉवेलही पुरतो. मधुमेहामुळे ज्यांच्या त्वचेची जाणीव कमी झाली आहे, त्यांनी बल्बने शेकताना फार जपावं. चटका बसलेला कळत नाही.

वापरायचंच ठरवलं तर

पॅनेलवर प्रकाशाची तीव्रता मिलिवॅटमध्ये लिहिलेली असते. दर चौरस सेंटिमीटरवरचे मिलिवॅट गुणिले सेकंद, भागिले हजार, की ज्यूलमध्ये मात्रा मिळते. चेहऱ्यावर २५ मिलिवॅट पडत असतील, तर चार मिनिटांत, म्हणजे २४० सेकंदांत, त्वचेवर ६ ज्यूल पडले. अनेक चाचण्यांतल्या मात्रा याच घरातल्या, एक ते दहा ज्यूलच्या आसपास असतात. मात्र खोक्यावरचा आकडा किती अंतरावरून मोजला आहे ते पाहा. पॅनेलला चिकटून मोजलेली तीव्रता फूटभर अंतरावर बरीच घटते. अंतर लिहिलेलंच नसेल, तर त्या आकड्याला अर्थ नाही.

डोळ्यांची काळजी सगळ्यात मोठी. इन्फ्रारेड दिसत नाही, त्यामुळे पापणी मिटत नाही आणि बाहुलीही आकसत नाही. २०१९ साली एका मोठ्या अमेरिकी कंपनीने आपला चेहऱ्यावर लावायचा प्रकाश-मास्क, काही नेत्रविकार असलेल्यांना धोका संभवतो म्हणून बाजारातून मागे घेतला होता. उपकरणासोबत आलेला चष्मा लावावाच. नुसते डोळे मिटून भागत नाही, कारण पापणीतूनही लाल उजेड आत येतो. दृष्टिपटलाचा विकार, ल्युपस, प्रकाशाने उठणारी फेफरी, चेहऱ्यावर संशयास्पद गाठ किंवा डाग असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. काही औषधांनी त्वचा प्रकाशाला नाजूक होते. ती चालू असतील तर तेही विचारून घ्यावं. लेझर असलेलं उपकरण घरी घेऊच नये.

अमेरिकेच्या एफडीएची ‘क्लिअरन्स’ मिळाली आहे, हे वाक्य वाचून हुरळून जाऊ नये. क्लिअरन्सचा अर्थ, हे उपकरण आधीपासून बाजारात असलेल्या तशाच उपकरणाच्या तोडीचं आहे, एवढाच. आणि ती ठरावीक वापरापुरती असते. सुरकुत्यांसाठी किंवा स्नायूंच्या किरकोळ दुखण्यासाठी मिळालेली परवानगी सायनसला लागू होत नाही.

आधी तोटी, मग उजेड

२०२० च्या युरोपीय मार्गदर्शिकेत जुनाट सायनसच्या सुजेसाठी दोन उपाय पायाभूत मानले आहेत: मिठाच्या पाण्याने नाक धुणं आणि नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा. दोन्ही थेट तोटीच्या तोंडाशी काम करतात.

नाक धुणं म्हणजे आपली जलनेती. पाव लिटर पाण्यात सपाट अर्धा छोटा चमचा मीठ. पाणी मात्र खळखळून उकळून कोमट केलेलंच हवं. नळाच्या पाण्याने नेती केल्यामुळे २०११ साली अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात दोघांना नेग्लेरिया अमिबाचा संसर्ग होऊन मृत्यू आला; पोटात गेल्यावर निरुपद्रवी असणारा हा जीव नाकातून मेंदूत पोचतो. वाफाऱ्यावर आपला फार भरवसा. २०१६ साली ब्रिटनमध्ये ८७१ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात नाक धुण्याचा फायदा दिसला, वाफेने डोकेदुखी कमी झाली, पण बाकी लक्षणांवर फरक पडला नाही.

फवारा डॉक्टरांनी दिला असेल तर मारण्याची पद्धत जपावी. मान किंचित पुढे झुकवायची, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने नळी धरायची. असं केलं की तिचं तोंड आपोआप बाहेरच्या बाजूला, सायनसच्या तोंडांकडे वळतं. मधल्या पडद्यावर फवारा बसला तर घोळणा फुटतो आणि औषध वाया जातं. गुण यायला काही आठवडे लागतात, म्हणून तिसऱ्या दिवशी कंटाळून सोडू नये.

> थोडक्यात
> - सायनसचं दुखणं मुख्यतः निचऱ्याची वाट सुजून बंद झाल्याने होतं.
> - लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश सूज कमी करू शकतो. पण प्रकाश थेट पडेल तिथे आणि योग्य मात्रेतच.
> - नाकाच्या अ‍ॅलर्जीवर थोडा पुरावा आहे. सायनसच्या सुजेवर तो फारच तोकडा आहे. पॉलिपवर उपयोग दिसलेला नाही.
> - जास्त वेळ बसल्याने जास्त गुण येत नाही. डोळे झाकणं अत्यावश्यक.
> - नाक धुणं आणि डॉक्टरांनी दिलेला फवारा आधी. प्रकाश त्याऐवजी नको.

डॉक्टरांकडे कधी?

त्रास दहा दिवसांनंतरही तसाच राहिला, पाच दिवसांनी बरं वाटता वाटता पुन्हा उसळला, किंवा बारा आठवडे रेंगाळला, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं. दुर्बिणीने नाकात पाहिलं की पॉलिप आहे का, पडदा वाकडा आहे का, हे काही मिनिटांत कळतं. एकाच बाजूने घाण वास येणारा स्राव येत असेल तर वरच्या दाढेचं मूळ किडलेलं असू शकतं. मग दंतवैद्य गाठावा लागतो. डोळ्याभोवती सूज, एकाचं दोन दिसणं, जोराचा ताप, मान आखडणं, कपाळावर फुगवटा येणं यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठावं; संसर्ग डोळ्याकडे किंवा मेंदूकडे सरकत असण्याची ती लक्षणं असतात. पॅनेल विकत घ्यायला काढून ठेवलेल्या पैशांतून पहिली दुर्बीण-तपासणी करून घ्यावी. कारण अ‍ॅलर्जी, पॉलिप, दाढ आणि मायग्रेन या चौघांतलं दुखणं कोणाचं, हे ठरल्याशिवाय लाल उजेड कुठे आणि कशासाठी पाडायचा, तेही ठरवता येत नाही.